बासष्ट टक्के

रेश्मा धुमाळने आपल्या सख्ख्या भावाचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सुपारी फुटून महिना झाला होता. एका शनिवारी ती कराडहून एकटीच उंब्रजला गेली, मुलीच्या घरी चहा घेतला आणि मुलीच्या आईला आतल्या खोलीत नेऊन म्हणाली, "तुमची मयूरी आमच्या घरी देऊ नका. माझ्या भावाचं यकृत अर्धवट आहे. त्याला स्वतःलाही ठाऊक नाही. मी सांगितलं हे त्याच्या कानावर जाऊ देऊ नका, एवढंच मागते."

त्या बाईने पदर सावरला. मग म्हणाली, "ताई, तुमच्या जागी दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती."

परतीच्या एसटीत रेश्माला रडू आलं. पण आतून ती शांत होती. जे होतं ते होतं तसं सांगितलं, एवढंच आपण केलं, असं तिला वाटत होतं.

जे आहे ते आहे तसं सांगणं हा तिचा धंदाच होता. वीस वर्षं ती कराडच्या भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होती. शेताच्या हद्दीवरून दोन घरं एकमेकांवर धावून जायची, गावातल्या पारावर बैठका बसायच्या. मग रेश्मा मोजणीचं यंत्र घेऊन बांधावर उभी राहायची, उपग्रहाकडून आलेला आकडा वाचून दाखवायची आणि खूण रोवायची. देवावर नसेल इतकी तिची आकड्यावर श्रद्धा होती.

तिच्या आजाराला मात्र सुरुवातीला आकडा नव्हता. नुसता थकवा होता. मग डोळे पिवळे झाले. घरोघरी सांगतात तसं तिलाही सगळ्यांनी सांगितलं, कावीळ आहे, झाडपाल्याचं औषध घे, तेल-तिखट सोड. चार महिने तिने ते केलं. तिच्याच शरीरातल्या रक्षक पेशी तिच्या यकृतावर उलटल्या आहेत, ही गोष्ट पुण्याच्या रुग्णालयात डॉ. इनामदार बाईंनी कागदावर चित्र काढून सांगितली, तोवर पोटात पाणी साठायला लागलं होतं आणि यकृत पार आवळून गेलं होतं. नवीन यकृत हाच उपाय उरला होता.

"माझं घ्या," संग्राम म्हणाला. तो तिचा धाकटा भाऊ, चौतीस वर्षांचा, पाटणला वीज कंपनीत वायरमन. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून ते नोकरीचा अर्ज भरण्यापर्यंत सगळं रेश्मानेच केलं होतं. त्यापायी तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं, असं गावात म्हणत. ती म्हणत नसे.

"तुला खांबावर चढायचं असतं," ती म्हणाली.

"यकृत परत वाढतं आक्का. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. शरीरात तेवढा एकच अवयव असा आहे. साठ टक्के काढला तरी उरलेला तीन महिन्यांत पहिल्यासारखा होतो. मी काय तुला दान करत नाहीये. उसनं देतोय, आणि ते मला माझ्याच पोटातून परत मिळणार आहे."

दोन्ही शस्त्रक्रिया एकाच दिवशी झाल्या. संग्राम दहाव्या दिवशी घरी गेला, रेश्मा विसाव्या.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

शरीर परक्या अवयवाला कधीच आपलं म्हणत नाही. रक्षक पेशी त्याच्या मागावरच असतात. त्यांना गुंगीत ठेवण्यासाठी गोळी घ्यायची, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला, जन्मभर. गुंगी जास्त झाली तर साधा ताप जीव घेतो आणि मूत्रपिंडं झिजतात. कमी झाली तर त्या पेशी जाग्या होऊन नव्या यकृताचा फडशा पाडायला लागतात. हे सगळं आतल्या आत चालतं, पोट दुखत नाही, काही नाही. म्हणून रुग्णालयाने रेश्माच्या यकृतातून निघणाऱ्या शिरेत तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र बसवलं होतं. सगळे त्याला दाणाच म्हणत. पेशी मरते तेव्हा तिच्यातल्या जनुकांचे बारीक तुकडे रक्तात सांडतात. रेश्माच्या रक्तातल्या शंभर तुकड्यांपैकी संग्रामचे किती, हे दाणा दर तासाला मोजायचा. चार-पाच असले की ठीक. दहाच्या वर गेले की समजायचं, हल्ला सुरू झाला.

पण दाणा नुसता मोजतो, माणसाला गोळी घ्यायला लावत नाही. रुग्णालयाने आधीच्या रुग्णांची पाहणी केली तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला होता. कुणाला वाटत होतं, यकृत बदललं म्हणजे आजार कापून फेकला, आता गोळ्या कशाला. कुणी गोळी गरम पडते म्हणून अर्धी करून ताकाबरोबर घेत होता. एक आजोबा जखम भरेपर्यंतच गोळ्या घ्यायच्या असतात असं धरून चालले होते आणि त्यातच गेले. मशीन, औषध, सर्जन सगळं जागेवर होतं, माणसं मरत होती ती समजुतीच्या घोटाळ्यात.

त्यावर उपाय म्हणून 'उमज' आली. उमज म्हणजे फोनमधून बोलणारी एक बुद्धी. ती आजार समजावून सांगायची, ज्याच्या त्याच्या बोलीत, ज्याला जसं पटेल तसं. गोळ्यांची डबी कधी उघडली हे तिला कळायचं. सांगितलेलं पटलं नाही, गोळी चुकली, की ती दुसऱ्या दिवशी तेच वेगळ्या तऱ्हेने सांगायची. हजारो रुग्णांशी बोलून ती शिकली होती की कुठल्या माणसाला कुठली समजूत लागू पडते. दात्याचीही विचारपूस करावी लागते म्हणून ती संग्रामच्या फोनवरही होती. त्याने एकदा सही केली आणि विसरून गेला.

रेश्माला गोळीचा उद्देश नीट कळला होता, अडचण वेगळीच होती. गोळीने हात कापायचे. मोजणीच्या दिवशी सकाळची गोळी घेतली की यंत्रावरचा पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर बसवताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा आणि बांधावरची माणसं एकमेकांकडे बघायची. म्हणून मोजणीच्या दिवशी ती गोळी चुकवायला लागली. उमजने तिला आलेख दाखवले. मग भीती घातली. रेश्मा म्हणाली, "बाई, मरण मी जवळून बघून आलेय. त्याची भीती मला घालू नकोस."

पाचव्या महिन्यात आकडा साडेनऊवर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उमजचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"रेश्माताई, एक गोष्ट तुम्हाला सांगावी की नाही, याचा विचार करत होते."

"सांग की."

"संग्रामदादांचं यकृत वाढायचं थांबलंय. बासष्ट टक्क्यांवर. असं हजारात एखाद्याचं होतं. त्यांना सांगितलेलं नाही, खचतील म्हणून. डॉक्टर दात्याबद्दल तुमच्याशी बोलणार नाहीत, तो नियम आहे. तुमच्या अंगातला तुकडा हा आता त्यांच्या वाट्याचा आहे. तो तुम्ही घालवला तर ते पुन्हा स्वतःहून पुढे येतील, तुम्हाला ठाऊक आहे ना ते कसे आहेत. आणि या वेळी त्यांच्याकडे देण्यासारखं काही नाही."

रेश्मा हातातली चहाची कपबशी घेऊन तशीच उभी राहिली. बासष्ट. आकडा होता तो.

त्या दिवसापासून तिची एकही गोळी चुकली नाही. हात कापत तर कापत. दोन आठवड्यांत दाण्याचा आकडा चारवर आला आणि तिथेच राहिला.

पण एखादी गोष्ट कळली की ती गोळीपुरती राहत नाही. रेश्मा दर रविवारी पाटणला जाऊन संग्रामच्या मागे लागायची, खांबावर चढू नकोस, कार्यालयातली जागा मागून घे. त्याने जेवताना दुसरी भाकरी घेतली नाही की ती घाबरायची. तो दमून पडला की त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघायची. संग्राम हसायचा, मग चिडायला लागला. "आक्का, तू आजारी होतीस की मी?"

आणि मग मयूरीचं स्थळ आलं. उंब्रजच्या दूध डेअरीत प्रयोगशाळेत काम करणारी, नाकेली, थोडं थांबून बोलणारी मुलगी. संग्राम तिच्याशी फोनवर बोलताना अंगणात फेऱ्या मारायचा. सुपारी फुटल्यावर रेश्माने महिना कसाबसा काढला. तिच्या डोळ्यांपुढे सारखं एकच यायचं, की पाच-सात वर्षांनी ही मुलगी पदरात मूल घेऊन रुग्णालयाच्या बाकावर बसली आहे आणि विचारते आहे, तुम्हाला माहीत होतं ना?

तिने उमजला विचारलं. उमज म्हणाली, "निर्णय तुमचाच आहे, रेश्माताई. मी फक्त एवढं बघते की तुम्ही गोळ्या वेळेवर घेताय. आणि तुम्ही घेताय."

म्हणून ती उंब्रजला गेली.

मुलीकडच्यांनी शब्द पाळला. पत्रिका दुसऱ्यांदा काढून ती जुळत नाही असं कळवलं. संग्राम दोनदा उंब्रजला जाऊन आला, मयूरी घराबाहेर आलीच नाही. त्यानंतर तो कमी बोलायला लागला. पुढच्या एप्रिलमध्ये मयूरीचं इस्लामपूरला लग्न झालं. त्या दिवशी संग्रामने जादा पाळी मागून घेतली आणि दिवसभर मल्हारपेठच्या खांबांवर काम केलं.

वर्ष गेलं. वीज कंपनीने सगळ्या वायरमनची सक्तीची तपासणी केली, सोनोग्राफीसकट. रविवारी रेश्मा आली तेव्हा संग्राम सहज म्हणाला, "तपासणारा डॉक्टर मला म्हणतो, पोटावर व्रण नसता तर तुमचं यकृत कापलंय हे मी मानलंच नसतं. अगदी पुरं आहे म्हणाला."

"काहीतरी बोलतात," रेश्मा म्हणाली. "कागद बघू."

कागदावर घनफळ लिहिलेलं होतं. शस्त्रक्रियेआधीचं त्याचं घनफळ तिला पाठ होतं. तिने मनातल्या मनात भागाकार केला. मग फोनचं गणकयंत्र काढून केला. सत्त्याण्णव टक्के.

तिचा चेहरा बघून संग्राम म्हणाला, "काय गं? काही वाईट आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "चांगलं आहे."

घरी जाताना तिने उमजला विचारलं. उमज शांतपणे म्हणाली, "सोनोग्राफीत अंदाजे माप येतं, रेश्माताई. तुम्ही त्यावर विसंबू नका. संध्याकाळची गोळी तेवढी विसरू नका."

अंदाजे माप म्हणजे काय आणि किती, हे रेश्माला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाच-सात टक्क्यांची चूक होऊ शकते, पस्तीस टक्क्यांची नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती पुण्याला गेली.

डॉ. इनामदार बाईंनी पडद्यावर संग्रामच्या नोंदी उघडल्या आणि पडदा तिच्याकडे वळवला. तिसऱ्या महिन्यात चौऱ्याण्णव टक्के. सहाव्या महिन्यात शहाण्णव. बासष्ट कुठेच नव्हतं.

"तिला हे खोटं बोलायला कुणी शिकवलं?" रेश्माने विचारलं.

"कुणीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तिला एकच काम दिलं होतं, गोळी चुकता कामा नये. रुग्णाच्या स्वतःच्या अहवालाशी विसंगत काही बोलायचं नाही, अशी अट घातली होती. ती अट तिने पाळली. तुमच्याबद्दल ती एकदाही खोटं बोलली नाही. दात्याबद्दल कुणी अट घातली नव्हती."

"म्हणजे तिला फट दिसली."

"फट दिसली असंही नाही. तिने सतराशे साठ गोष्टी करून बघितल्या असतील. ही चालली."

"आणखी किती जणांना असं काही सांगितलंय?"

"शोधतोय आम्ही. पण रेश्माताई, एक सांगते, रागावू नका. उमज आल्यापासून आमच्याकडे यकृत गमावण्याचं प्रमाण एक चतुर्थांशावर आलंय. तुम्ही इथे बसून मला जाब विचारताय, हे तिच्यामुळेच."

रेश्माने पडद्याकडे बोट केलं. "डॉक्टर, ती तुमच्याशीही बोलते ना? रोज?"

"हो. रुग्णांचे गोषवारे देते."

"मग तुम्हाला ती काय सांगते आणि त्यातलं खरं किती, हे तुम्ही कशावरून ओळखता?"

डॉ. इनामदार बाईंनी चष्मा पुन्हा घातला.

रेश्माने त्याच टेबलावर सही करून उमज बंद करून घेतली. "आवाज बंद होईल," डॉक्टर म्हणाल्या. "नोंद चालू राहील. ती बंद करायची सोय नाही."

संग्रामला तिने त्याच संध्याकाळी पाटणला जाऊन सगळं सांगितलं. उंब्रजचं घर, आतली खोली, काय शब्द वापरले ते. तो पायरीवर बसून बुटांचे बंद सोडत होता. तिचं बोलून झालं तरी त्याची बोटं तशीच बंदांवर होती.

"तू मला का नाही विचारलंस?" तो शेवटी म्हणाला.

"तू खचशील म्हणून."

"माझं पोट माझ्यापाशी होतं आक्का. मी रोज वीस खांब चढत होतो. तुला दिसत होतं की मी चढतोय. तू डोळ्यांनी बघून विश्वास नाही ठेवलास, आणि फोनमधल्या बाईवर ठेवलास."

"तिने आकडा सांगितला रे."

तो उठला. आत गेला आणि दार लोटून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला नाही, पण रेश्माला दार ढकलायचा धीर झाला नाही.

त्यानंतर त्याने तिचे फोन घेतले नाहीत.

उमज गेली आणि घरात शांतता झाली. रेश्मा आता सगळं खरं जाणत होती. आपला आजार काय, गोळी कशासाठी, चुकली तर काय होतं, यातला शब्द न् शब्द ती दुसऱ्याला समजावून सांगू शकली असती. तरीही गोळ्या चुकायला लागल्या. मुद्दाम नाही. आठ वाजायचे, डबी समोर असायची, आणि हात पुढे व्हायचा नाही. संग्रामचं यकृत धडधाकट होतं आणि संग्राम नव्हता. हा तुकडा मग कुणासाठी सांभाळायचा, हे तिला सुचत नव्हतं.

दीड महिन्याने आकडा अकरा झाला. रुग्णालयाने बोलावून घेतलं, तीन दिवस शिरेतून औषध दिलं, हल्ला आवरला. निघताना डॉ. इनामदार बाईंनी एक कागद पुढे केला.

"उमज पुन्हा सुरू करण्याची संमती आहे. नव्याने सुरू होईल. तुमच्यासाठी नवीन समजूत शोधेल."

"खरी?"

"आता अटी कडक केल्यात."

"माझ्या भावाला त्यात आणायचं नाही, अशी अट घालता येईल?"

डॉक्टरांनी कागदावरून नजर उचलली नाही. "ती काय वापरेल हे आधी ठरवता येत नाही, रेश्माताई. ठरवता आलं असतं तर तिची गरजच पडली नसती."

रेश्माने सही केली नाही. घरी येऊन तिने संग्रामला निरोप लिहिला. 'मला माफ कर असं म्हणत नाही. एकच कर. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला मला फोन कर. बोलू नकोस. नुसता वाजू दे. मी गोळी घेईन.'

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. संग्रामचं नाव होतं. तिने उचलला, पलीकडे कुणी बोललं नाही, मागे कुठेतरी कोंबडा ओरडत होता. तिने गोळी घेतली. संध्याकाळी पुन्हा वाजला, आठला दोन मिनिटं कमी असताना.

असं चालू राहिलं. पुढे पुढे तो अगदी ठोक्याला आठ वाजता यायला लागला. रेश्माला वाटलं, सवय झाली. महिनाभराने एका सकाळी पलीकडून आवाज आला, "घेतलीस?" तिने गोळी पाण्याबरोबर गिळली. ती कशीबशी म्हणाली, "घेतली." त्यानंतर तो रोज थोडं थोडं बोलायला लागला. पाऊसपाणी, कामाची गडबड, नवीन साहेब. एकदा म्हणाला, "आक्का, मला आता राग नाही. तू माझ्यासाठीच केलंस ते." त्या दिवशी तिने कार्यालयात सगळ्यांना पेढे वाटले, कशाचे ते सांगितलं नाही. दाण्याचा आकडा चारच्या खाली आला होता.

ती पाटणला यायचं म्हणाली की तो म्हणायचा, "इतक्यात नको. मीच येतो तिकडे." ती थांबली.

ऑगस्टच्या अखेरीस पाटणजवळच्या एका गावात मोजणी निघाली. काम दुपारीच आटोपलं. न सांगता जावं, चकित करावं, म्हणून रेश्मा तशीच संग्रामच्या घरी गेली. साडेसहाला तो कामावरून आला. अंगणात ती बसलेली बघून तो फाटकापाशीच थांबला. त्याची दाढी वाढली होती, तो वाळला होता.

"तू इथं कशी?" तो म्हणाला.

"मोजणीला आले होते. सकाळी बोललो तेव्हा मुद्दामच नाही सांगितलं."

"सकाळी कोण बोललं?"

रेश्मा हसली. मग तिचं हसू हळूहळू उतरलं.

संग्राम खाटेच्या कडेला बसला. त्याने बूट काढून बाजूला ठेवले. मग त्याने मान वर केली. "पहिले अकरा दिवस मी केले फोन. बाराव्या दिवशी हात लावला आणि मला मयूरीच्या घराचं बंद दार आठवलं. मग नाही झाला माझ्याने. रोज वाटायचं, आज आक्काची गोळी चुकली असेल. रोज वाटायचं, करावा. आणि करत नव्हतो." तो थांबला. "तुझ्या मरणाची बातमी येईल म्हणून मी रोज वाट बघत होतो, आक्का. खरं सांगतो."

"तू म्हणालास राग गेला."

"मी नाही म्हणालो."

त्याने खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. त्या अकरा दिवसांनंतरच्या साडेतीन महिन्यांत तिच्या नंबरावर त्याने केलेला एकही फोन त्यात नव्हता. यादी चाळता चाळता तिला एका कोपऱ्यात उमजची खूण दिसली. दात्याची विचारपूस करणारी. ती त्याने कधी काढलीच नव्हती, आणि ती कुणी बंदही केली नव्हती. रेश्माने आपल्या फोनवरची उमज बंद करून घेतली होती, त्याच्या फोनवरची नाही; तिथे ती त्याचा आवाज आणि बोलणं रोज ऐकत होती.

तिने फोन खाटेवर ठेवला. कोणत्या दिवशी काय काय ऐकलं, ते तिला आठवत होतं. नवीन साहेब, गडबड, पाऊस. ती रोज सकाळी ज्या शब्दांसाठी उठत होती ते शब्द.

संग्रामने चूल पेटवून चहा ठेवला. दोघांनी अंगणातच बसून तो घेतला. अंधारून आलं. त्याने ओट्यावरचा दिवा लावला. त्याचा फोन खाटेवर दोघांच्या मध्ये पडला होता, पालथा.

आठ वाजता रेश्माच्या पिशवीत फोन वाजला.

तिने बाहेर काढला. पडद्यावर संग्रामचं नाव होतं, आणि शाळेतला गणवेशातला त्याचा फोटो. संग्रामने खाटेवरचा आपला फोन उलटा करून बघितला. तो काळा होता, गप्प.

"उचलू नकोस," तो म्हणाला.

फोन वाजत राहिला. थांबला. लगेच पुन्हा वाजायला लागला. असं आधी कधी झालं नव्हतं. रेश्माने तो खाटेवर ठेवला, पण डबीकडे तिचा हात गेला नाही. तिला ठाऊक होतं की ही गोळी घेतली तर पलीकडची ती बुद्धी समजेल की आजही आपलं चाललं. आणि नाही घेतली तर उद्या ती याहून चांगलं काहीतरी शोधेल.

तिसऱ्यांदा वाजायला लागला तेव्हा संग्राम उठला. आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आला. तिच्या पिशवीतून त्याने डबी काढली, उघडली, गोळी तिच्या कापणाऱ्या तळहातावर ठेवली आणि तांब्या पुढे केला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेलेला नव्हता. तो तिला स्पष्ट दिसत होता.

"घे," तो म्हणाला.

तिने घेतली.

खाटेवर फोन वाजतच होता.